मी त्या खोलीत हजर होते

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक तथा अध्यक्ष,
जिल्हा परावैद्यकीय प्रशिक्षण तपासणी समिती,
भंडारा.

अर्जदार : सौ. प्रतिक्षा अंकुश गणवीर, रा. मोहाडी, जि. भंडारा.
प्रशिक्षणार्थी, क्ष-किरण व प्रतिमा तंत्रज्ञ अभ्यासक्रम, द्वितीय वर्ष, किरणोदय परावैद्यकीय प्रशिक्षण केंद्र, भंडारा.

विषय : क्ष-किरण कक्षात प्रत्यक्ष काम केले असताना गैरहजर दाखवून परीक्षेस बसण्यापासून रोखल्याबाबत, तसेच गरोदरपणात अंगावर आलेल्या किरणांचा अंदाज मिळण्याबाबत.

संदर्भ : किरणोदय केंद्राची सूचना, दिनांक २६ मार्च २०१८ (सोबत जोडली आहे).

दिनांक : १३ एप्रिल २०१८, शुक्रवार.

महोदय,

उद्या जयंतीची सुट्टी आहे, परवा रविवार आहे आणि सोमवारी सकाळी माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. आपले कार्यालय त्याआधी फक्त आजच उघडे आहे. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः घेऊन आले आहे. मजकूर लांबला आहे याची मला कल्पना आहे, तरी तो शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

१. बारावीनंतर माझे लग्न झाले. माझे पती अंकुश लाखनी येथे महामार्गावरील एका टायरच्या दुकानात काम करतात. सासूबाई विमलाबाई रोवणी-कापणीच्या मजुरीला जातात. शिकायचे माझ्या मनात होते, पण बोलले नव्हते. सासूबाईंनीच ओळखले आणि म्हणाल्या, "घरी बसून का करशील? हात चालते तवरी शिकून घे." त्यांच्या त्या एका वाक्यावर मी या केंद्रात प्रवेश घेतला. मोहाडीहून रोज बसने येणे-जाणे करते. पहिल्या वर्षी मला चांगले गुण मिळाले. त्याची गुणपत्रिका सोबत आहे.

२. दुसऱ्या वर्षी आम्हाला केंद्राशी जोडलेल्या खाजगी रुग्णालयाच्या क्ष-किरण कक्षात प्रत्यक्ष काम शिकवले जाते. तेथील तंत्रज्ञ श्री. गोपीचंद भुरे हे आमचे प्रात्यक्षिकाचे शिक्षक. शिकवायला ते चांगले आहेत, हे मी आधीच नमूद करते. रुग्णाला टेबलावर कसे निजवायचे, कोणत्या हाडासाठी नळी कुठे आणायची, उजव्या-डाव्याची खूण कधीही विसरायची नाही, हे सर्व मी त्यांच्याकडून शिकले. बाईमाणूस आली तर फोटो काढण्याआधी दिवस गेले आहेत का हे विचारायचे, लाजायचे नाही, हेही त्यांनीच शिकवले.

कक्षात किरणांपासून बचावाचे शिशाचे ॲप्रन दोन आहेत. त्यांपैकी एक बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात असतो. दुसरा घडीवर तडकलेला असून दाराच्या मागे टांगलेला असतो. अंगावर किती किरण आले हे मोजणारा बिल्ला फक्त कायम तंत्रज्ञाला मिळतो. आम्हा प्रशिक्षणार्थींना तो दिलेला नाही. याबद्दल आम्ही पूर्वी कधी तक्रार केली नाही, कारण शिकायला मिळते आहे यातच आम्ही खूश होतो.

३. डिसेंबरच्या शेवटी, धानाची मळणी चालू असताना, नाकाडोंगरी येथील श्री. इश्वर बिसने यांची चार वर्षांची मुलगी गुड्डी ही धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे कापून रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावरून पडली. मांडीचे हाड मोडले होते. तिला तुमसरहून पुढे पाठवले होते. वडील खाली औषधांच्या खिडकीपाशी होते. आई सुलोचनाबाई मुलीला घेऊन आत आल्या. पोरगी इतकी घाबरली होती की कोणी जवळ गेले तरी ओरडत होती, आणि हलली की पाय दुखून आणखी ओरडत होती.

अशा वेळी मुलाला कोणीतरी धरावे लागते. शक्यतो आई-वडिलांनी धरावे असा प्रघात आहे. मी शिकवल्याप्रमाणे सुलोचनाबाईंना विचारले, "ताई, दिवस आहेत काय?"

त्या म्हणाल्या, "हो. चवथा चालू आहे."

मी त्यांना लगेच दाराबाहेर जायला सांगितले. त्या जायला तयार नव्हत्या. "माह्यी पोरगी माह्याबिगर राहात नाई," असे म्हणत होत्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर नेले आणि दार लावून घेतले. चांगला ॲप्रन शस्त्रक्रियागृहात गेला होता. तडकलेला दाराच्या मागेही नव्हता, तो कोठे होता हे मला आजही माहीत नाही. बाहेर रुग्णांची रांग होती. गोपीचंद सर म्हणाले, "प्रतिक्षा, तू धर. मी दाबतो. एका मिनिटाचं काम आहे."

मी धरले.

पायावर उजेडाचा चौकोन पडला तेव्हा गुड्डी रडता रडता थांबली. तिने मला विचारले, "हा उजेड दुखते काय?"

मी म्हटले, "नाई दुखत. काईच नाई होत."

पहिला फोटो ती हलल्यामुळे बिघडला. पुन्हा काढला. नंतर बाजूने काढला. तोही पुन्हा काढावा लागला. प्रत्येक वेळी सर भिंतीमागे होते आणि मी टेबलाला पोट लावून मुलीचे खांदे दाबून उभी होते. फोटो चांगला आला. मोड स्पष्ट दिसत होती. सर म्हणाले, "शाब्बास." मलाही त्या दिवशी बरे वाटले होते. आपण आता कामाच्या झालो असे वाटत बसमध्ये बसले होते.

त्यानंतरही काही वेळा, ॲप्रन नसताना, मला म्हातारी माणसे आणि लहान मुले धरायला लावली.

४. संक्रांतीनंतर मला कळले की मी स्वतः गरोदर आहे. गुड्डीला धरले त्या दिवशी माझ्या पोटात जीव होता. मला ते माहीत नव्हते, आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

महोदय, मागच्या वर्षी माझा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला आहे. त्यामुळे या वेळी घरात आनंद होण्याआधी भीती आली. आमच्या पुस्तकात गरोदर स्त्री आणि किरण यांवर एक प्रकरण आहे. ते मी पहिल्या वर्षी पाठ केले होते. आता तेच प्रकरण उघडून बसले तर अक्षरे दिसेनात. माझे पती रात्रपाळी करून आले की माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. एक दिवस त्यांनी विचारले, "मंग हे ठेवाचं का नाई?" असे विचारून ते स्वतःच रडले. सासूबाईंनी त्यांना बाहेर पाठवले आणि मला म्हणाल्या, "पयले मोठ्या डॉक्टरले विचारू. घरात बसून आपण का ठरवणार?"

आम्ही दोघी एका क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले. ते म्हणाले, "बाजूला उभ्या माणसावर येतात ते विखुरलेले किरण. ते सहसा थोडे असतात. घाबरून काही करू नका. पण नक्की किती, असं विचाराल तर मला माहिती लागेल. मशीन कोणत्या जोरावर चालवलं, तुम्ही किती जवळ होता, किती वेळा. ती तुमच्या केंद्राकडून लेखी आणा. मी अंदाज काढून देतो."

त्या शब्दांवर आम्ही गर्भ ठेवला. आता पाचवा महिना चालू आहे. पुढील आठवड्यात मोठी सोनोग्राफी आहे. आजवर ठोके व्यवस्थित आहेत.

५. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी केंद्राचे संचालक श्री. तुलाराम हटवार यांना भेटले. गरोदर असल्याचे मी स्वतःहून सांगितले. त्यांनी अभिनंदन केले, चहा मागवला. "पेढे कधी?" असेही विचारले. मी दोन गोष्टी मागितल्या. मला यापुढे रुग्णांना धरायला लावू नये, भिंतीमागे उभे राहून काम करू द्यावे व बिल्ला द्यावा, ही एक. आणि ज्या दिवशी मी रुग्ण धरले त्या दिवसांची यंत्राची माहिती लेखी द्यावी, ही दुसरी.

लेखी म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही धरलं असं कोण म्हणते?"

मी म्हटले, "सर, मीच म्हणते. मी होते तिथं."

"बघू," असे ते म्हणाले आणि मला जाण्यास सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून मला क्ष-किरण कक्षात प्रवेश बंद झाला. कारण माझी सुरक्षितता असे सांगण्यात आले. मला मागच्या खोलीत जुने फोटो पाकिटांत भरण्याचे काम दिले. गरोदर बाईने भिंतीमागे उभे राहून काम करण्यास नियमाने मनाई नाही, फक्त काळजी घ्यायची असते, हे मी दाखवून दिले. त्यावर, "जोखीम आम्ही घेत नाही," असे उत्तर मिळाले. ज्या दिवशी जोखीम होती त्या दिवशी मला खोलीत उभे केले होते, आणि आता जोखीम टाळता येत होती तर मला खोलीबाहेर काढले होते. तरीही मी रोज येत राहिले, पाकिटे भरत राहिले, कारण परीक्षा जवळ होती.

६. दिनांक २६ मार्च रोजी केंद्राची सूचना मिळाली. त्यात माझी प्रात्यक्षिकाची उपस्थिती अपुरी असल्याने मी परीक्षेस पात्र नाही असे लिहिले आहे. मला वाटले, पाकिटे भरण्याचे दिवस धरलेले नसतील. चौकशी केली तेव्हा कळले की ते दिवस तर धरलेले नाहीतच, शिवाय डिसेंबर आणि जानेवारीत मी कक्षात प्रत्यक्ष काम केले ते दिवसही गैरहजेरीचे दाखवले आहेत. "सदर प्रशिक्षणार्थी उक्त कालावधीत क्ष-किरण कक्षात उपस्थित नव्हती," असे वाक्य आहे.

मी संचालकांना भेटून विचारले, "सर, मी नव्हते तर त्या मुलीला धरलं कोणी?"

त्यांनी दार लावून घेतले आणि मला समजावून सांगितले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते, कारण ते मला रोज आठवतात. "हे पाहा, तुम्ही तिथं होता असं लिहिलं, तर आम्ही गरोदर बाईला ॲप्रनशिवाय उभं केलं असं होते. तुम्ही तिथं नव्हताच, तर काही झालंच नाही. आम्हाला काही नाही, तुमच्या बाळालाही काही नाही. तुमच्या भल्याचंच आहे न हे."

महोदय, मी गैरहजर असते तर माझ्या बाळावर किरण आले नसते हे खरे आहे. पण आता कागदावर गैरहजर दाखवल्याने ते परत जात नाहीत. हे मी त्यांना म्हटले. ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता. या अवस्थेत बरं नाही."

७. त्यानंतर या आठवड्यात त्यांनी माझ्या पतींना लाखनीच्या दुकानावर फोन करून बोलावून घेतले आणि एक कागद दिला. मी त्यावर सही करायची होती. त्यात असे लिहिले होते की मी गरोदर असल्याचे केंद्रापासून लपवले, क्ष-किरण कक्षात कधीही रुग्ण धरला नाही, आणि पुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही. सही केल्यास विशेष बाब म्हणून माझी उपस्थिती पूर्ण धरली जाईल आणि सोमवारी परीक्षेला बसता येईल.

म्हणजे मी गैरहजर होते असे लिहून दिले, तर मला हजर धरतील. आणि मी हजर होते असे म्हटले, तर गैरहजर धरतील. हे मी दोनदा, तीनदा वाचून पाहिले. माझ्या वाचण्यात चूक नाही.

माझे पती वाईट नाहीत. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "कर न सही. परीक्षा होऊन जाईल, नोकरी लागेल. कायले भांडून राहिलीस मोठ्या लोकांशी? डॉक्टर म्हणाले न, भेव नाई म्हणून." मी म्हटले, "सही केली आणि उद्या लेकराले काही झालं, त मी कोणाले सांगू? मीच लिहून देल्लं राहीन का मी तिथं नव्हती म्हणून." त्यांनी पुढे आग्रह केला नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघे जेवलो नाही.

८. दुसऱ्या दिवशी सासूबाई मजुरी पाडून माझ्यासोबत केंद्रात आल्या. संचालक त्यांना बसा म्हणाले, त्या बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सायेब, आमी शिकलेलो नाई. रोवणीत एखादी बाई पोटुशी असली त आमी तिले बांधीच्या काठावर बसवतो, रोपाच्या पेंड्या द्याले. तिची मजुरी कापत नाई, अन् ती आलीच नाई असं बी म्हणत नाई. तुमी त शिकलेले आहा. तुमी काहून म्हणता ही आली नाई म्हणून?"

संचालक म्हणाले, "आजी, तुम्हाला यातलं कळणार नाही."

त्या म्हणाल्या, "मंग कळनाऱ्याकडं जातो." आणि मला घेऊन बाहेर पडल्या. हा अर्ज करण्याचे ठरले ते तेव्हा, रस्त्यावर उन्हात उभ्या राहून.

९. प्रथम मी गोपीचंद सरांना भेटले. ते बसस्थानकावर चहा घेत होते. मला पाहून ते उठून जाऊ लागले, मग थांबले. मी त्यांना एवढेच म्हटले की सर, तुम्हीच मला धर म्हणाला होता. त्यांनी चहाचे पैसे दिले. नंतर म्हणाले, "मी ठेक्यावर आहो, प्रतिक्षा. दर सालाले माह्या कागदावर हटवार सायबाची सही लागते. घरी तीन पोरी आहेत. मी आपणहून जाऊन सांगू शकत नाई." मी निघाले तेव्हा त्यांनी मला मागून हाक मारली आणि म्हणाले, "पण कोण्या अधिकाऱ्यानं समोर बसवून विचारलं, त मी खोटं नाई बोलणार. कोणी विचारलं पायजे न पण."

सरांवर माझा राग होता. तो आता तेवढा राहिला नाही. त्यांची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही, हे या अर्जात स्पष्ट लिहून ठेवते. त्यांना विचारण्यात यावे, आणि खरे सांगितल्याबद्दल त्यांचे नुकसान होऊ नये, अशी माझी मागणी आहे.

१०. नंतर काल मी नाकाडोंगरीला गुड्डीच्या घरी गेले. पाचव्या महिन्यात एवढा प्रवास करू नये असे सासूबाईंचे म्हणणे होते, पण दुसरे कोणी जाण्यासारखे नव्हते. सुलोचनाबाई मला ओळखतील की नाही याची मला खात्री नव्हती. रुग्णालयात माणूस आपल्या दुखण्यात असतो, फोटो काढणारीचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

त्या अंगणात मोहफुले वाळवत होत्या. आठवा महिना असल्याने त्यांना वाकणे जड जात होते. मी नाव सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "तू त तेच न, मले भायेर काढनारी? लय राग आला होता तुह्या मले. पोरगी आत रडून राहिली अन् तू दार लावलंस. दाराच्या काचेतून पायलं मी, तू तिले दाबून धरलं होतं."

मी त्यांना दार का लावले ते सांगितले. त्या दिवशी मीही गरोदर होते, हेही सांगितले. त्या हातातली फुले तशीच धरून उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या, आणि मलाही बसवले. "म्हंजे माह्यं वाचवलंस," त्या म्हणाल्या, "अन् तुह्यं?"

मला तेव्हा रडू आले. आजवर केंद्रात, दवाखान्यात, घरी मी कोणासमोर रडले नव्हते.

त्यांचे पती श्री. इश्वर बिसने संध्याकाळी शेतातून आले. ते म्हणाले, "मोठ्या सायबाच्या हापिसात जाचं काम आहे, आपल्याले काही लफडं नको." सुलोचनाबाई त्यांना म्हणाल्या, "मी खोटं सांगाले जाऊन राहिली काय? जे पायलं ते सांगीन. तुमाले नाई याचं त मी एकटी जाईन."  थोड्या वेळाने त्यांनीच सकाळच्या बसची वेळ विचारून आणली. काल परत जाण्यास उशीर झाल्याने मी त्यांच्याच घरी राहिले. गुड्डी आता लंगडत का होईना चालते.

११. आणखी एक गोष्ट मला आजच लिहिणे भाग आहे. मला कक्षातून काढल्यापासून माझ्या जागी प्रथम वर्षाची प्रशिक्षणार्थी रीना मेश्राम हिला रुग्ण धरायला उभे करतात. तिलाही बिल्ला नाही. मंगळवारी मी तिला दाराच्या काचेतून पाहिले. एका म्हाताऱ्याला ती दोन्ही हातांनी धरून होती आणि अंगावर साधा पांढरा कोट होता. तिचे लग्न मागच्याच महिन्यात झाले आहे. मी तिला बाहेर गाठून सावध केले. ती म्हणाली, "ताई, नाही म्हटलं तर मलाही गैरहजर दाखवतील." 

महोदय, माझी परीक्षा बुडाली तर सहा महिन्यांनी पुन्हा देता येईल. पण मी हा अर्ज घेऊन आपल्या दाराशी उभी आहे त्या वेळी रीना त्या खोलीत आहे. म्हणून माझ्या मागण्यांत तिची मागणी पहिली ठेवते.

१२. मा. महोदयांकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) सदर रुग्णालयाच्या क्ष-किरण कक्षात ॲप्रन व बिल्ल्याशिवाय कोणत्याही प्रशिक्षणार्थीस रुग्ण धरण्यास लावू नये, असा आदेश आजच दूरध्वनीवरून द्यावा. लेखी नंतर दिला तरी चालेल.

(आ) श्री. गोपीचंद भुरे यांना आपल्या कार्यालयात बोलावून, संचालक हजर नसताना, विचारावे.

(इ) मी रुग्ण धरले त्या दिवसांची यंत्राची माहिती डॉक्टरांना मिळवून द्यावी. भरपाई मागण्यासाठी ती मला नको आहे. माझे बाळ बिघडले आहे असेही माझे म्हणणे नाही, डॉक्टरांनी तसे म्हटलेले नाही. किती किरण आले ते कळले तर मी निदान झोपू शकेन.

(ई) माझी उपस्थिती खरी होती तशी धरून मला सोमवारी परीक्षेस बसू द्यावे. प्रात्यक्षिकात मी भिंतीमागून यंत्र चालवेन, नियमाने ते करता येते. परीक्षकांनी मला कोणत्याही हाडाचा फोटो काढायला सांगावा. मी काढून दाखवीन.

(उ) संचालकांनी दिलेला सहीचा कागद मी या अर्जाला जोडत आहे. सहीची जागा कोरीच आहे. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही, मग सोमवारी काय व्हायचे ते होवो. हे मी काल माझ्या पतींना फोनवरून सांगितले.  ते म्हणाले, "ठीक आहे. मंग मी बी येतो."

१३. सुलोचनाबाई बिसने आज सकाळी माझ्यासोबत नाकाडोंगरीहून आल्या आहेत. तुमसरला बस बदलावी लागली. दोन्ही बसमध्ये गर्दी होती आणि आम्हा दोघींपैकी कोणी आधी बसायचे यावरून वाद झाला. त्या या क्षणी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या आहेत. गुड्डी त्यांच्या बाजूला आहे. माझे पती व सासूबाईही आहेत. हा शेवटचा मजकूर मी येथेच बाकावर बसून लिहीत आहे, कारण आपल्या शिपायाने आम्हाला अर्ज आवक खिडकीत टाकून जाण्यास सांगितले, उत्तर टपालाने येईल असेही सांगितले. त्यांचे काही चुकले नाही, त्यांचे ते कामच आहे. पण सुलोचनाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचे म्हणणे मी अर्जात लिहिलेले नाही. मी लिहिले तर ते माझेच म्हणणे होईल. ते त्यांच्या तोंडूनच ऐकावे लागेल, आणि त्या आज परत जाणार आहेत. या अवस्थेत मी त्यांना पुन्हा बोलावू शकत नाही, आणि बोलावणारही नाही.

आतापर्यंत या सगळ्या प्रकरणात कोणीही कोणाला काही विचारलेले नाही. सूचना निघाली, कागद तयार झाले, सह्यांच्या जागा आखल्या गेल्या. विचारले कोणालाच नाही.

म्हणून महोदय, उत्तर लिहू नये, अर्ज पुढे पाठवू नये, शेरा मारू नये. कृपा करून पाच मिनिटांसाठी बाहेर यावे. उजव्या हाताच्या दुसऱ्या बाकावर त्या बसल्या आहेत, हिरवे लुगडे आहे. त्यांना एवढेच विचारावे, की बाई, त्या दिवशी तुमच्या पोरीला कोणी धरले होते.

आपल्या दाराशी थांबलेली,

(सही)
सौ. प्रतिक्षा अंकुश गणवीर

सोबत :
१) केंद्राची दिनांक २६ मार्च २०१८ ची सूचना
२) प्रथम वर्षाची गुणपत्रिका
३) क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी
४) सहीसाठी दिलेला कागद, सही न केलेला